केअर सेंटरमधलं बांधून ठेवणं : नाशिकमध्ये हे कमी कसं करता येईल?

निशिगंध

नमस्कार मंडळी. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, कुठेही बघा, वृद्धांना कायमचं ठेवून घेणारी केअर सेंटर्स दिसतात. मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात, घरी दोघंच, त्यातल्या एकाला विस्मरण किंवा पक्षाघात. गरज खरी आहे, आणि मी या सेंटर्सच्या विरोधात अजिबात नाही. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर मी स्वतः अशाच एका ठिकाणी नर्सिंगचं काम बघते.

पण एका गोष्टीबद्दल उघड कुणी बोलत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर डिपॉझिटच्या आणि जेवणाच्या नियमांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी एक ओळ असते, की सुरक्षिततेसाठी गरज वाटल्यास रुग्णाला बांधण्यास आमची हरकत नाही. नातेवाईक सही करून मोकळे होतात, कारण त्या दिवशी कुणाचंच चित्त ठिकाणावर नसतं. पुढे कुणी विचारतही नाही. मग क्रेप बँडेज येतं, जुन्या सुती साडीची पट्टी येते, ओढणी येते. खुर्चीला पुढून ट्रे लावला की माणूस उठू शकत नाही, तेही बांधणंच. पलंगाचे दोन्ही कठडे वर केले आणि आतल्याला ते खाली करता येत नसतील, तर तेही तेच.

बांधलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. थोड्याच दिवसांत मांड्यांचं बळ जातं. लघवीला उठता येत नाही म्हणून डायपर, डायपरची ओल, ओलीने माकडहाडापाशी जखम. एकाच कुशीवर पडून छातीत कफ साचतो. पोट साफ होत नाही. सुटायची धडपड चालूच राहते, मनगटं सोलवटतात, पट्टा वर सरकून छातीवर किंवा गळ्याशी येतो. आणि ज्यासाठी बांधलं ते पडणंही टळत नाही. सोडल्यावर पाय पेलत नाहीत, माणूस दोन पावलांत कोसळतो, आणि सगळे म्हणतात, बघा, म्हणूनच बांधत होतो.

ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी आहेत, जे चालवतात, जे तिथे काम करतात, सगळ्यांनी लिहा. कुठल्याही सेंटरचं नाव घेऊ नका एवढीच विनंती.

वाटसरू

ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण दुसरी बाजू ऐका. माझे वडील ७८ वर्षांचे. मागच्या दिवाळीनंतर सेंटरमध्ये रात्री उठले, बाथरूमच्या दारात पडले, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, नंतर दोन महिने त्यांनी जे भोगलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आता त्यांना दिवसा खुर्चीत कंबरेला पट्टा असतो आणि रात्री कठडे. मीच सांगितलं तसं करायला. मला बरं वाटत नाही, पण पुन्हा पडले तर उठणार नाहीत. मी पुण्यात असतो. रात्री दोन वाजता फोन वाजला की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

सोडा म्हणणं सोपं आहे. पडल्यावर जबाबदारी कोण घेणार?

चाफेकळी

वाटसरूंशी सहमत. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांनीच "हात बांधा" म्हणून सांगितलं होतं.

पाथर्डीकर

मी एक छोटं सेंटर चालवतो. जबाबदारीचा प्रश्न निघाला म्हणून लिहितो.

रात्री वीस माणसांमागे दोन मावशी. तिसरी ठेवायची तर महिन्याचे पैसे वाढवावे लागतात, आणि वाढवले की लोक शेजारच्या सेंटरला जातात. मुली पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येतात. कामाच्या चांगल्या असतात, पण त्यांना कामाला पुरवणारा ब्युरोवाला दुसरीकडे शंभर रुपये जास्त मिळाले की उचलून नेतो. शिकवायचं कुणाला आणि किती वेळा? एखादे आजोबा पडले की तीन महिने न फिरकलेला मुलगा दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन येतो. पोलिसांत जाईन म्हणतो. तोच मुलगा वडील खुर्चीला बांधलेले बघतो तेव्हा मात्र काहीच बोलत नाही, कारण ते 'सुरक्षित' दिसतात. पडलं तर आमच्यावर येतं, बांधून जखम झाली तर वयावर जातं. मग आम्ही काय करणार?

मला हे आवडतं असं समजू नका. पण आम्हाला कुणी दुसरी वाट दाखवली नाही.

निशिगंध

पाथर्डीकर, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत, फार बरं झालं. "पडलं तर आमच्यावर, जखम झाली तर वयावर" हेच सगळ्याचं मूळ आहे, आणि ते मावशींमध्ये नाही, आपल्या नातेवाईकांच्या हिशोबात आहे. त्यावर पुन्हा येते. आधी दुसरी वाट.

माणूस उठतो त्याला कारण असतं. विस्मरण झालेला माणूस ते सांगू शकत नाही एवढंच. आमच्याकडे एक काका होते, नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त. रोज पहाटे साडेचारला पलंगावरून उतरायचे, मुख्य दार हलवायचे, अडवलं की हात उगारायचे. मावशींच्या दंडावर वळ असायचे. "काकांना रात्री बांधायला परवानगी द्या" असं माझ्याकडे आलं. मी त्यांच्या सुनेला फोन केला आणि फक्त विचारलं, नोकरीत असताना त्यांचा दिवस कसा सुरू व्हायचा? ती म्हणाली, अहो, जन्मभर पहिली पाळी केली त्यांनी. साडेचारला उठून, आंघोळ करून, डबा घेऊन बाहेर.

मग आम्ही एवढंच ठरवलं की ते उठायच्या आधी आपण उठवायचं. सव्वाचारला मावशी दिवा लावायची, त्यांना संडासला न्यायची, पायजम्याऐवजी शर्ट-पँट घालायची, चहा द्यायची आणि हातात एक स्टीलचा डबा द्यायची. काका डबा घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायचे, मग बाकावर बसायचे. सहाला पेपर आला की वाचायचे, किमान पानं उलटायचे, आणि सात वाजता स्वतःच आडवे व्हायचे. मावशीचा अर्धा तास जायचा. पूर्वी झटापटीत आणि नंतर अंथरूण बदलण्यात त्याहून जास्त जात होता. खर्च एका डब्याचा, तोही त्यांच्या घरून आणलेला.

सगळेच असे सुटत नाहीत, हे मान्य. पण बांधायच्या आधी ठरलेले प्रश्न विचारले जातात का? लघवी लागली आहे का? पोट साफ होऊन किती दिवस झाले? कुठे दुखतंय का? थंडी वाजतेय का, तहान लागली आहे का? चष्मा आणि कानातलं मशीन लावलंय का? नवीन गोळी सुरू झाली आहे का? कालपर्यंत शांत असलेली आजी आज एकदम ओरडू लागली, कपडे काढू लागली, तर तो स्वभाव समजू नका, आजार समजा. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर कमी होणं, तुंबलेली लघवी, यातलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. अशा वेळी बांधलं तर आजार आत वाढत राहतो, आणि वरून सगळं शांत दिसतं.

सायंतारा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदिरानगरला. वाटसरू, तुमच्या बाबांबद्दल मुद्दाम लिहिते.

खुब्याच्या ऑपरेशननंतर माणसाला उभं करायचं असतं. दिवसभर पट्ट्यात बसवलं तर ज्या स्नायूंवर तो उभा राहणार तेच वितळतात. म्हणजे पट्टा काढायची वेळ कधीच येत नाही. दिवसातून काही वेळा कुणीतरी शेजारी उभं राहून त्यांना खुर्चीतून उठवायचं आणि बसवायचं, बस, उठ, पुन्हा बस. यासारखा साधा आणि उपयोगी व्यायाम नाही.

कठड्यांबद्दल फार गैरसमज आहे. गोंधळलेला माणूस कठडा बघून थांबत नाही, तो त्यावरून चढतो. मग पलंगाची उंची अधिक कठड्याची उंची, एवढ्या वरून पडतो. किंवा कठडा आणि गादीच्या फटीत मान-छाती अडकते. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेकडे १९८५ ते २०१३ या काळात हॉस्पिटलच्या पलंगात रुग्ण अडकण्याच्या ९०१ घटना नोंदल्या गेल्या, त्यातले ५३१ जण दगावले. त्यात वयस्कर आणि गोंधळलेले रुग्ण जास्त. आपल्याकडे असे आकडे सहसा समोर येत नाहीत, म्हणून आपल्याकडे असं काही होत नाही असं वाटतं.

करायचं काय? आपल्या आधीच्या पिढीला जमिनीवर झोपायची सवय आहे, हा आपला मोठा फायदा. पलंग काढून जाड गादी जमिनीवर टाकली की पडणं म्हणजे लोळणं. फक्त मावशीला वाकून उचलताना कंबरेला त्रास होतो आणि गुडघे आखडलेल्या माणसाला जमिनीवरून उठवत नाही, म्हणून सरसकट सांगत नाही. मधला मार्ग म्हणजे बुटका दिवाण. काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, हीच उंची. पलंगाशेजारी रात्री एक पातळ गादी. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा आणि भिंतीला धरायला दांडा. फिनाइलने पुसलेली फरशी कोरडी करूनच सोडायची. घरातल्या गुळगुळीत सपाता बंद, मागे पट्टा असलेली सँडल घालायची.

आणि आधी झोपून, मग उभं करून रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर रात्री उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. अशा वेळी डॉक्टरांकडून रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या तपासून घेतल्या पाहिजेत. तुमचे बाबा नेमके बाथरूमच्या दारात पडले, म्हणून हे आधी बघा.

वाटसरू

प्रोस्टेटची गोळी चालू आहे, रात्री झोपताना. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बघतो.

अवनी

बांधणं फक्त पट्टीने होत नाही. माझी आई आधी जिथे होती तिथे मी गेले की ती खुर्चीत मान टाकून असायची, तोंडातून लाळ. "आता छान शांत झाल्या आहेत" असं मला सांगितलं जायचं. फाइल मागितली तेव्हा दिसलं की क्वेटियापिन हे मानसिक आजारावरचं औषध दोनदा वाढवलेलं, वर रात्री लोराझेपाम ही झोपेची गोळी. कुणी विचारलं नाही, कळवलं नाही.

मी डॉक्टर नाही, पण त्यानंतर बरंच वाचलं. डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार असलेल्या वृद्धांमध्ये क्वेटियापिनसारख्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेत २००५ साली नव्या औषधांवर छापायला लावला, २००८ साली हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवरही. म्हणजे ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं नाही, मानसोपचारतज्ज्ञ विचार करून, थोड्या काळासाठी देतात. पण रात्रपाळीला त्रास नको म्हणून द्यायचं हे औषध नाही.

दुसरी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. नॉर्वेत १८ नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या ३५२ रुग्णांवर अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना वेदनेवर पायरीपायरीने औषध दिलं, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्यांची आरडाओरड, मारझोड, अस्वस्थता बरीच कमी झाली. म्हणजे ते ओरडत होते कारण त्यांना दुखत होतं! माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. आता नव्या ठिकाणी तिला सकाळी आंघोळीच्या आधी पॅरासिटामॉल देतात, डॉक्टरांना विचारून. आंघोळीची मारामारी थांबली. झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

निशिगंध

अवनी, "हळूहळू कमी करत" हे सगळ्यांनी नीट वाचा. लोराझेपामसारखी गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. स्वतःच्या मनाने थांबवू नका.

सनद

वकिली करते, नाशिक जिल्हा न्यायालयात. कायद्याची बाजू थोडक्यात मांडते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७. बांधणं तेव्हाच, जेव्हा त्या व्यक्तीला किंवा इतरांना अगदी तात्काळ होणारी इजा टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल, आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने परवानगी दिली असेल. गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद लगेच करायची. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांच्या आत कळवायचं. शिक्षा म्हणून नाही. आणि पाथर्डीकर, हे तुमच्यासाठी: केवळ माणसं कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. एकांतकोठडीवर पूर्ण बंदी. कलम ९५ प्रमाणे साखळदंड तर कुठल्याच स्वरूपात चालत नाही.

हा कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू आहे, त्यामुळे "आमचा तर वृद्धाश्रम आहे" असं सांगितलं जातं. पण कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचं भान यांचे गंभीर विकार येतात, आणि अशा व्यक्तींना काळजीसाठी ठेवून घेणारी जागा आस्थापनेच्या व्याख्येत बसू शकते. त्यामुळे डिमेन्शियाचे रुग्ण घेणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. शिवाय बेकायदा डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली सर्वांनाच लागू असलेला गुन्हा आहे. प्रवेशाच्या दिवशी मुलाने केलेली सरसकट सही म्हणजे वडिलांची संमती नव्हे.

आणखी एक. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली. माणसं साखळदंडाने बांधलेली होती, पळता आलं नाही, २८ जण गेले. आपल्या सेंटरमध्ये रात्री शॉर्टसर्किट झालं तर दोन मावशी किती गाठी सोडणार, याचा विचार प्रत्येक चालकाने करावा.

तक्रार किंवा मार्गदर्शन हवं असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मोफत.

दूरदेशी

माहेर सिडको, सध्या म्युनिकजवळ एका नर्सिंग होममध्ये काम करते. इथे पट्टा, कठडा, ट्रे, किंवा हालचाल रोखण्यासाठी नियमित दिलेलं औषध, यातलं काहीही दीर्घकाळ वापरायचं तर न्यायालयाची परवानगी लागते. नातेवाईकांची सही पुरत नाही. तरीही पूर्वी न्यायालयं बऱ्यापैकी सहज मंजुरी देत असत, कारण न्यायाधीशालाही पडण्याची भीती वाटायची.

२००७ मध्ये इथून जवळच गार्मिश-पार्टेनकिर्शेनला एक न्यायाधीश आणि निर्णय घेऊ न शकणाऱ्या प्रौढांच्या पालकत्वाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयातला एक अधिकारी यांनी वेगळं सुरू केलं. त्याला 'वेर्डनफेल्सर वेग' म्हणतात, जर्मनमध्ये 'वेग' म्हणजे वाट. परवानगीचा अर्ज आला की न्यायालय नर्सिंगचा अनुभव असलेली, कायद्याचं थोडं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती त्या होममध्ये पाठवतं. ती व्यक्ती मावशी, नातेवाईक, डॉक्टर अशा सगळ्यांना एकत्र बसवते आणि एकेक पर्याय तपासते. बुटका पलंग करून बघितला का? खाली गादी? चालण्याचा व्यायाम? दोन आठवडे बिनपट्ट्याचं करून बघू या का? आणि मुख्य म्हणजे पडण्याचा थोडा धोका आपण सगळे मिळून स्वीकारतो आहोत, हे तिथे बोललं जातं आणि लिहिलं जातं. मग एकट्या मावशीच्या डोक्यावर खापर फुटत नाही. ही पद्धत पुढे जर्मनीत अनेक ठिकाणी उचलली गेली.

नाशिकमध्ये न्यायालयापर्यंत जायला नको. एका टेबलाभोवती बसणं आपल्यालाही जमेल.

सायंतारा

दूरदेशी, जबाबदारी वाटून घेण्याचा मुद्दा अगदी बरोबर. अमेरिकेतही १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने 'शिस्त किंवा सोय म्हणून बांधायचं नाही' हा रहिवाशाचा हक्क ठरवला. त्याआधी तिथे साधारण ४० टक्के रहिवासी बांधलेले असायचे, आता अगदी थोडे. सगळे पडून मरतील अशी भीती तेव्हाही घातली गेली होती. तसं झालं नाही. मात्र तिथे औषधांनी गप्प करण्याचा प्रश्न पुढे बराच काळ राहिला, म्हणून अवनीने लिहिलेलं सोडून चालणार नाही.

रानजाई

मी केअरटेकर आहे. सुरगाण्याची. बहिणीने हा धागा दाखवला.

आम्हाला कोणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी दुसऱ्या मुलीने डायपर कसा लावायचा दाखवला, तेच शिक्षण. ड्युटी बारा तासांची. संध्याकाळी चार्ज घेताना दिवसाची मुलगी सांगते, हे आजोबा बांधायचे, ते नाही. का बांधायचे ते तिलाही माहीत नसतं. आधीपासून चालू आहे म्हणून चालू. कोणी पडलं तर आम्हाला बोलतात, पैसे कापतात. बांधलेल्याला जखम झाली तर कोणी काही बोलत नाही. मग तुम्हीच सांगा, आम्ही काय करू.

आजी शिव्या देतात त्याचं वाईट वाटत नाही. पण एक आजी बांधताना हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, पोरी, मी काय केलं ग? ते ऐकवत नाही.

त्या सारखं उठायच्या. त्यांना घरी वाती वळायची सवय होती म्हणे. मी कापूस आणून दिला. मांडीवर कापूस ठेवला की दोन-दोन तास वाती वळत बसायच्या, उठायच्या नाहीत. दुसऱ्या एका आजींना मेथी निवडायला दिली, त्या पानं टाकून देठं ठेवायच्या, पण बसायच्या. हे सगळं रात्री नाही होत. रात्री आम्ही दोघीच असतो, एकीने आजोबांना संडासला नेलं की दुसरी एकटी. रात्री अजून एक माणूस द्या, आणि पडलं तर आम्हाला चोरासारखं उभं करू नका. मग नाही बांधणार आम्ही.

पाथर्डीकर

रानजाई, वाचलं. पैसे कापणं मी माझ्याकडे आजपासून बंद करतो. एखादा पडला तर का पडला ते लिहायचं, कुणामुळे पडला ते नाही.

रात्रीच्या तिसऱ्या माणसाचं एकदम जमणार नाही. पण पूर्ण रात्र कशाला हवी? आमच्याकडे उठाउठी रात्री दहा ते बारा आणि पहाटे चार ते सहा याच वेळी जास्त असते. त्या वेळांपुरती कुणी आली तर परवडेल. स्वयंपाकाची मावशी तशीही पहाटे पाचला येते, तिला तासभर आधी बोलावून बघतो.

चाफेकळी

नाकातल्या नळीबद्दल कुणी सांगेल का? सासूबाई ती ओढून काढतात म्हणून दोन्ही हात पलंगाला. डॉक्टरांनीच सांगितलंय.

निशिगंध

चाफेकळी, पहिला प्रश्न म्हणजे नळी अजून हवी आहे का? बऱ्याचदा हॉस्पिटलमधून घरी किंवा सेंटरला येताना घातलेली नळी तशीच राहते आणि कुणी गिळण्याची तपासणीच करत नाही. पक्षाघात नवा असेल तर गिळणं सुधारू शकतं, स्पीच थेरपिस्टला दाखवा. डिमेन्शिया शेवटच्या टप्प्यात असेल तर नळीने आयुष्य वाढतं किंवा ठसका कमी होतो असं दिसलेलं नाही. अमेरिकेतली वार्धक्यतज्ज्ञांची संघटनाही अशा वेळी नळीऐवजी हाताने, सावकाश भरवण्याचाच सल्ला देते. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, मऊ भात किंवा घट्टसर पेज, छोटा चमचा, घोट गिळला हे बघूनच पुढचा. वेळ लागतो. पण तो वेळ माणसासोबतचा असतो.

नळी खरंच हवी असेल तर ती गालावर नीट चिकटवा आणि कानामागून मागे घ्या, नजरेसमोर लोंबली की हात जाणारच. हातात काहीतरी धरायला द्या, रुमाल, जपमाळ. भरवून झाल्यावर कुणीतरी थोडा वेळ शेजारी बसा. हातमोजे घालतात, पण तेही बांधणंच आहे हे लक्षात ठेवून, थोड्या वेळासाठी.

लघवीच्या नळीचंही तेच. सोयीसाठी घातलेली नळी संसर्ग आणते, संसर्ग गोंधळ आणतो, गोंधळात माणूस नळी ओढतो, मग हात बांधतात. डॉक्टरांना दर आठवड्याला विचारा, आज काढता येईल का?

वाटसरू

दोन दिवस विचार करतोय. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही, भीती आहेच. पण सेंटरला मीच बांधायला सांगितलंय, तर सोडायलाही मीच सांगावं लागेल हे लक्षात आलं. लेखी काय द्यायचं? सनद, निशिगंध, मसुदा देता का?

निशिगंध

असं लिहा, तुमच्या शब्दांत:

"माझे वडील चालताना पडू शकतात हे मला माहीत आहे. तरी त्यांनी उठावं, बसावं, फिरावं अशी आमची इच्छा आहे. त्यांना पट्टा, कापड, ट्रे लावून किंवा गुंगीचं औषध देऊन अडवू नये. तात्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल तर डॉक्टरांच्या लेखी सूचनेने, ठरलेल्या वेळेपुरतं, आणि मला त्याच दिवशी फोन करून. कोणतंही नवीन शांत करणारं औषध सुरू करण्याआधी मला विचारावं. ते पडल्यास मला लगेच कळवावं. योग्य काळजी घेऊनही पडल्यास आम्ही कर्मचाऱ्यांना दोष देणार नाही."

सोबत एक पान जोडा: बाबा किती वाजता उठायचे, काय काम करायचे, कोणत्या कुशीवर झोपतात, रात्री कितीदा लघवीला उठतात, कुठल्या गोष्टीने शांत होतात, कुठल्या नावाने हाक मारली की ओ देतात. हे पान फाइलमध्ये नको, पलंगाजवळच्या भिंतीवर लावायला सांगा.

सनद

मसुदा चांगला आहे. 'योग्य काळजी घेऊनही' हे शब्द गाळू नका. ओल्या फरशीवर पडले किंवा घंटी वाजवूनही तासभर कुणी आलं नाही, तर तो निष्काळजीपणाच, त्याची माफी या पत्राने होत नाही. आणि बाबांना समजत असेल तर आधी त्यांना विचारा, त्यांची सही घ्या.

पाथर्डीकर

असं पत्र माझ्याकडे एकाही नातेवाईकाने आजवर दिलेलं नाही. दिलं तर मी मावशींना वाचून दाखवीन. सध्या माझ्याकडे पाच जण बांधलेले असतात. सगळ्यांना एकदम सोडू की कसं?

निशिगंध

एकदम नको. ज्यांचा पट्टा 'आधीपासून चालू' एवढ्याच कारणाने आहे त्यांच्यापासून सुरुवात करा, एक-दोघं असतीलच. आधी दिवसा, जेवणानंतरचा तास, कुणी समोर असताना. आठवडाभर काय होतं ते वहीत लिहा, कोणत्या वेळी उठतात ते त्यातून कळेल. मग रात्रीचं बघा. तोवर बांधलेल्याला दर दोन तासांनी सोडून फिरवणं, पाणी, संडास, मनगटं बघणं हे सुटता कामा नये. मला यायला आवडेल. मेसेज करा, एखाद्या दुपारी येते आणि मावशींसोबत बसते. सायंतारा, तू येशील का?

सायंतारा

येते. गुरुवारी दुपारी मोकळी असते. पाथर्डीकर, त्याआधी पलंगांची उंची मोजून ठेवा, पाय कापता येणारे लाकडी असतील तर सुतारालाही त्याच दिवशी बोलवा.

वाटसरू

रविवारी येतोय नाशिकला. पत्र आणि ते पान दोन्ही नेतो. डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे, उभ्याने बीपी मोजायला सांगणार. बाबांसाठी आणखी काय आणू?

सायंतारा

मागे पट्टा असलेली सँडल, मापाची, सैल नको. आणि रविवारी तुम्ही असताना पट्टा काढून त्यांच्यासोबत खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम करा, मावशींना शेजारी उभं करून, म्हणजे त्यांना हात कुठे धरायचा ते कळेल. काखेत धरून ओढायचं नाही. आधी सेंटरवाल्यांना फोन करून सर्जनने किती वजन टाकायला परवानगी दिली आहे ते विचारून घ्या.